चावी फिरवण्याआधी

[दृश्य: जीपचे दार, त्यावर सुकलेल्या गाळाची आडवी रेघ]

दारावरून आडवी गेलेली ही मातकट रेघ पाहिल्याखेरीज मिस्त्री गाडीचे बॉनेट उघडत नाहीत. पुराचे पाणी पायाखालच्या मॅटपर्यंतच आले असेल, तर काम ब्रेक, बेअरिंग आणि खालच्या वायरिंगपुरते राहते. सीटपर्यंत आले असेल, तर गिअर बॉक्स, क्राऊन (चाकांच्या आसावरचा गिअरचा डबा) आणि डॅशबोर्डखालचे कपलर (वायरींचे जोड) यांचीही पाळी येते. रेघ बॉनेटच्या वर गेलेली असेल, तर इंजिनात पाणी शिरले आहे असे धरूनच चालावे लागते. या जीपवरची रेघ समोरच्या काचेच्या मध्यावर आहे.

[दृश्य: सीनाकाठची शेते, गाळाने माखलेली उसाची पाने, रस्त्याकडेचे गॅरेज]

अहिल्यानगर परिसरात उगम पावून पुढे सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळणारी सीना नदी धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्याला लागून वाहते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर झालेल्या अतिवृष्टीत तिने पात्र सोडले. पूर चढत असतानाचे चित्रण आमच्याकडे नाही. ही सगळी दृश्ये पाणी ओसरल्यानंतरची आहेत. इथल्या मिस्त्रींचे आयुष्य उन्हाळ्यात तापणारी इंजिने, धुळीने गच्च झालेले एअर क्लीनर आणि खड्ड्यांनी मोडलेले पाटे दुरुस्त करण्यात गेले आहे. अवर्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात बुडालेली गाडी उघडण्याचा प्रसंग क्वचितच येई. तरीही ज्या क्रमाने हे काम चालले आहे, त्यात कुठेही अंदाजपंचे नाही, आणि हा क्रम कोणत्याही प्रशिक्षण वर्गातून आलेला नाही, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

[दृश्य: जीपचा मालक आणि मिस्त्री समोरासमोर]

जीप गावातील दूध संकलनाची आहे. “मामा, एकदा सेल्फ मारून बघू का?” असे मालक विचारतो, आणि मिस्त्री हात पुढे करून एवढेच म्हणतात, “चावी इकडे दे आधी.”

या एका वाक्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, कारण हवा दाबली जाऊ शकते; पाणी दाबले जात नाही. अर्ध्या लिटरच्या सिलिंडरमध्ये दाबाचे प्रमाण, म्हणजे हवा किती पटीने दाबली जाते ते, 17 ला 1 धरले, तर पिस्टन वर पोहोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा सुमारे 30 मिलिलिटर भरते. एअर क्लीनरच्या वाटेने त्याहून अधिक पाणी आत गेले असेल आणि अशा वेळी सेल्फ मारला, तर वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो, आणि तो सगळा मार पिस्टनला खालून धरणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर बसून रॉड वाकतो. चालत्या इंजिनाने पुराच्या पाण्यात श्वास घेतला, तर हाच प्रकार कितीतरी अधिक जोराने होतो. ही जीप मात्र बंद अवस्थेत, शेडमध्ये उभी असतानाच बुडाली. नुसत्या बुडण्याने इंजिन तुटत नाही, तुटते ते बहुतेक वेळा नंतर घाईने फिरवलेल्या चावीने. आणि या जीपची चावी अजून फिरलेली नाही.

[दृश्य: बॅटरीची वायर सुटते, ऑइलची पट्टी, पुलीवर पाना]

सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटते. मग ऑइलची पट्टी बाहेर येते. पट्टीवर काळे ऑइल दिसायला हवे होते, त्याऐवजी फिकट तपकिरी, फेसाळ द्रव दिसतो. “ऑइलचा चहा झाला,” असे मिस्त्री म्हणतात. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या चेंबरमध्ये पाणी गेले आहे याची ती खूण. खालचा नट सैल करताच आधी स्वच्छ पाण्याची धार येते, कारण पाणी जड असल्याने तळाशी बसलेले असते, आणि त्यामागून तो दुधाळ द्रव येतो. एअर क्लीनरचे झाकण उघडल्यावर कागदी फिल्टर ओलाचिंब निघतो आणि त्याच्या घड्यांमध्ये काळी माती भरलेली दिसते.

या मातीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. मराठवाड्यातील काळी माती चिकणमातीच्या जातीची, अतिशय बारीक कणांची असते; ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. शेतात याच गुणामुळे ओल टिकून राहते, पण गाडीत हाच गुण नडतो. रेडिएटरच्या जाळीत, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या तारांमध्ये आणि ब्रेकच्या ड्रममध्ये ती ओली असताना कुठेही शिरते आणि वाळल्यावर घट्ट धरून बसते. म्हणूनच गाडी आधी चार दिवस उन्हात वाळवावी आणि मग गॅरेजला आणावी, हा गावोगावी दिला जाणारा सल्ला मिस्त्रींना मान्य नाही. गाळ ओला आहे तोवरच साध्या पाण्याने, कमी दाबाने धुऊन काढला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांनी उघडलेला प्रत्येक भाग पाहता ते पटते.

आता डिझेल इंजिनाचे सिलिंडर तापवणारे हीटर प्लग एकेक करून निघतात. गाडी पेट्रोलवरची असती, तर इथे स्पार्क प्लग निघाले असते. वाट मोकळी झाल्यावर मिस्त्री पुढच्या पुलीच्या नटला मोठा पाना लावतात आणि इंजिन हाताने, अगदी सावकाश फिरवतात. पाना थोडा अडतो, मिस्त्री जोर न लावता थांबतात, कानोसा घेतात आणि पुन्हा फिरवतात. मग एका छिद्रातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट बॉनेटपर्यंत उडते. दुसऱ्या छिद्रातून थोडे पाणी येते, तिसऱ्यातून नुसती हवा. पाणी यायचे थांबले की प्रत्येक छिद्रातून थोडे ऑइल आत सोडले जाते, म्हणजे सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरत नाही.

[दृश्य: डिझेलची टाकी, काचेच्या बाटलीतील नमुना]

टाकीतील डिझेल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवले आहे. खाली पाणी आणि वर डिझेल, मध्ये स्पष्ट सीमा. हे पाणी पंपातून इंजेक्टरपर्यंत गेले असते, तर खर्च इंजिनाच्या कामाइतकाच वाढला असता; त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी होते, नळ्या धुतल्या जातात आणि डिझेल फिल्टर नवा पडतो. गिअर बॉक्स आणि क्राऊन यांना हवा खेळण्यासाठी छोटी नळी असते, तिच्यातून तिथेही पाणी गेले आहे, तेही ऑइल बदलले जाते. फ्यूज बॉक्स आणि कपलर उघडून, पिना साफ करून सावलीत वाळवले जातात. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना मात्र मिस्त्री हात लावत नाहीत.

[दृश्य: ट्रॅक्टरने ओढून आणलेली लहान डिझेल कार, कॉम्प्रेशन गेज]

शेजारी उभी असलेली ही कार ट्रॅक्टरला बांधून, गिअर टाकून ओढत सुरू करण्याचा प्रयत्न झाला होता. गाडी न्यूट्रलमध्ये ओढली, तर इंजिन फिरत नाही. गिअरमध्ये ओढली, की ट्रॅक्टरचा सगळा जोर पाण्याने भरलेल्या सिलिंडरवर जातो. गेज लावल्यावर तीन सिलिंडरांत दाब सारखा येतो आणि चौथ्यात तो बराच कमी दाखवतो. रॉड वाकल्याने आखूड झाला आहे आणि पिस्टन पूर्ण वर येत नाही. असे इंजिन सुरू होतेही, काही काळ चालतेही, आणि मग एखाद्या दिवशी तोच रॉड तुटून ब्लॉक फोडतो. ही कार इथे उघडली जाणार नाही, इंजिन शहरात पाठवले जाईल.

[दृश्य: जीपमध्ये नवे ऑइल, मिस्त्री चावी फिरवतात]

जीपमध्ये आधी स्वस्तातले ऑइल भरले आहे, कारण ते केवळ आतले उरलेले पाणी धुऊन आणण्यासाठी आहे. प्लग उघडे ठेवून, इंजेक्टरचे कपलर काढून आधी कोरडाच सेल्फ दिला जातो. मग प्लग बसवून मिस्त्री स्वतः चावी फिरवतात. इंजिन दोनदा खोकते, तिसऱ्यांदा पकडते. सायलेन्सरमधून पाणी आणि पांढरी वाफ बाहेर पडते. ती हळूहळू विरळ होते, म्हणजे ते सायलेन्सरमध्येच अडकलेले पाणी होते. काही मिनिटांनी इंजिन बंद करून ते ऑइल काढून टाकले जाते आणि चांगले ऑइल व नवा फिल्टर घातला जातो.

विम्याबाबत थोडक्यात सांगायचे, तर पुराचे नुकसान सर्वंकष विम्यात धरले जाते, पण पाण्यात बुडालेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नातून झालेला बिघाड त्यात सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. या जीपला केवळ तृतीय पक्ष विमा होता, त्यामुळे सगळा खर्च मालकाच्या अंगावर आहे.

[दृश्य: डॅशबोर्डवरचा लाल दिवा, मालक दुधाचे रिकामे कॅन उतरवून ठेवतो]

काही शे किलोमीटर चालल्यावर तिन्ही ठिकाणचे ऑइल पुन्हा तपासून घ्यावे आणि कपलरच्या पिनांवर हिरवट गंज दिसतो का ते पाहावे, असे मिस्त्रींनी बजावले आहे. ब्रेकचे ड्रम उघडून झाले आहेत. चार्जिंगचा दिवा मात्र विझलेला नाही. डायनॅमो खोलून आतला गाळ काढण्याचे काम मिस्त्रींनी उद्यावर ठेवले आहे, आणि तोवर जीप गॅरेजमध्येच राहणार आहे.