गुगली म्हणजे नुसता अवघड प्रश्न नाही

नमस्कार मंडळी. आज एकाच शब्दावर बोलायचंय, गुगली. रोज वापरतो आपण, पत्रकाराने नेत्याला अडचणीचं विचारलं की गुगली, व्हायवाला सरांनी सिलॅबसबाहेरचं विचारलं की गुगली, आणि मला वाटतं निम्म्या वेळा आपण तो चुकीच्या जागी वापरतो.

कारण क्रिकेटच्या मैदानात बघा. लेगस्पिनर म्हणजे मनगटाने बॉल वळवणारा, त्याचा नेहमीचा बॉल उजव्या हाताच्या बॅट्समनपासून बाहेर वळतो. गुगलीला रनअप तोच, हाताची फेक जवळपास तशीच, फक्त मनगट जास्त वळतं, बॉल हाताच्या पाठीकडून सुटतो आणि टप्पा पडला की आत येतो. म्हणजे ती वेगात नसते, अंगावरही येत नाही. बॉल अगदी नीट दिसत असतो, फक्त तो बाहेर जाणार असं आपण धरून चाललेलो असतो.

ही सुरू केली इंग्लंडचा बॉलर बोसांके याने, आणि तीही टेबलावरच्या खेळातून बरं का! टेनिस बॉल टेबलावर असा टाकायचा की समोरच्याला पकडता येऊ नये. मग १९०० मध्ये लॉर्ड्सवर मॅचमध्ये टाकली, समोरचा ९८ वर खेळत होता, बॉलचे चार टप्पे पडले तरी तो स्टंपिंग झाला. ऑस्ट्रेलियात तिला बोसी असंही नाव पडलं, त्याच्याच नावावरून.

आणि ऑस्ट्रेलियाचा महान बॅट्समन ब्रॅडमन. १९४८, ओव्हल, शेवटची टेस्ट इनिंग, चार रन हवे होते कारकिर्दीची सरासरी १०० व्हायला. एरिक हॉलीजचा दुसराच बॉल, गुगली, बोल्ड, शून्य. ९९.९४ वर अडकलं ते कायमचं. इतक्या मोठ्या माणसाचा अंदाज चुकतो म्हणजे बघा, हे मला दरवेळी सांगताना काटा येतो.

आपल्या राजकारणात तर हा शब्द घरचाच. सदू शिंदे, सात टेस्ट खेळलेले, १९५१ ला दिल्लीत इंग्लंडच्या सहा विकेट काढलेले, हे शरद पवारांचे सासरे. २०२३ मध्ये पवारांनी २०१९ च्या सत्तास्थापनेच्या घडामोडींवर बोलताना सासरे गुगली टाकायचे याची आठवण काढली होती. तिथे शब्द अगदी बरोबर बसतो, कारण समोरच्याला वाटतं एक आणि होतं भलतंच.

म्हणून म्हणतो, नुसतं अवघड असेल आणि डोक्यावरून गेलं तर त्याला बाउन्सर म्हणा ना, तो शब्द आहेच आपल्याकडे, कॉलेजची पोरं बरोबर वापरतात, लेक्चर बाउन्सर गेलं म्हणून. गुगलीला सोपेपणा लागतो. समजा गावाकडून काकांचा फोन आला, तब्येत विचारली, पाऊसपाण्याचं झालं, मग सहज म्हणाले, काय रे, नवीन घरात दोन बेडरूम आहेत ना? तुम्ही खुशीत सांगता, हो काका, हॉलपण मोठाय, या की एकदा. आणि काका म्हणतात, मग आमचा बंड्या जूनपासून तुझ्याकडेच राहील, कॉलेज तिथून जवळ पडतंय त्याला.

ही गुगली.