विषय तोच, ऐकणारा नवा

नमस्कार, श्रोतेहो. इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेणाऱ्यांना एक दुखणं चांगलंच ठाऊक असतं. नवशिक्यांचा वर्ग रंगवावा लागत नाही, त्यांना सगळंच नवं असतं. पंचाईत होते ती पुढे गेलेल्यांची. ‘कौन्सिल ऑफ युरोप’नं २००१ साली ए-वन ते सी-टू अशा भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्यातल्या वरच्या पायऱ्यांवरची ही मंडळी. त्यांचं काही अडत नाही, म्हणून ती ठरावीक वाक्यांवर भागवत राहतात. आणि आपण दर आठवड्याला नवा विषय धुंडाळतो. माझं म्हणणं असं की विषय धुंडाळू नका, ऐकणारा बदला. पुन्हा सांगते, विषय तोच राहू द्या, ऐकणारा बदला.

‘मोबाइल : शाप की वरदान’ छापाचे वादविवाद तर बंदच करावेत. दोन्ही बाजू सगळ्यांना तोंडपाठ असतात. शाळेतल्या निबंधांनी आपल्या बोलण्याचं काय काय बिघडवलं, यावर मी तासभर बोलेन, पण आज नको.

माझ्या वर्गात लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. इंग्रजी उत्तम, पण पर्यावरणावर चर्चा लागली की ‘आय अग्री’ म्हणून मोकळे. एकदा मी त्यांना म्हटलं, लिफ्ट कोसळत का नाही, ते सांगा. एकाला चार मिनिटं, तेच दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. ही युक्ती कीथ मॉरिस यांनी १९८३मध्ये मांडली, पुढे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी तिचा अभ्यास केला.

पहिला श्रोता इंजिनिअर. त्यानं नुसत्या माना डोलावल्या. दुसऱ्या बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. तिसऱ्या बाई लिफ्टला घाबरायच्या, वर्गाला जिना चढून यायच्या. त्यांनी पहिल्याच वाक्याला अडवलं, “दोर तुटला तर?” हे म्हणाले, दोर एक नसतो, बरेच असतात. “सगळेच तुटले तर?” मग लिफ्टचा वेग वाढतो, गव्हर्नर नावाचं चाक तो ओळखतं आणि लिफ्टखालचे जबडे दोन्ही बाजूंचे रूळ पकडतात. हे सांगताना त्यांनी स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं असं काही आवळलं की बाई दचकून मागे सरकल्या. मग त्यांनी हळूच पुस्ती जोडली. दोरांच्या दुसऱ्या टोकाला वजन लावलेलं असतं आणि ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं. त्यामुळे तुम्ही एकट्याच आत असलात आणि ब्रेक सुटला, तर लिफ्ट खाली जाणार नाही, वर जाईल!

“म्हणजे मी छताला आपटणार?” बाई ओरडल्या. सगळा वर्ग खुर्च्या फिरवून यांच्याकडे वळला. जो तो विचारू लागला, दोघं असतील तर? दहा जण असतील तर? वीज गेली तर? जर-तरची जी वाक्यं ही माणसं कागदावर बिनचूक लिहायची आणि बोलताना टाळायची, ती सगळ्यांच्या तोंडून भराभर येत होती. दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती. घड्याळ मी पालथं ठेवलं.

त्या बाईंना खरोखर जाणून घ्यायचं होतं, एवढाच काय तो फरक. इंजिनिअरसमोर लिफ्टवाल्या गृहस्थांना काही उलगडून सांगावंच लागलं नव्हतं. म्हणून जोड्या लावताना सांगणाऱ्याला जे माहीत आहे ते ऐकणाऱ्याला माहीत नसावं, एवढं पाहा. नर्स, हिशेबनीस, शिवणकाम करणारी, प्रत्येकाकडे असं काहीतरी असतंच. पुढच्या आठवड्यात तोच विषय, पण ऐकणारा मात्र नवा.

चुकांचं म्हणाल तर मधे तोंड घालू नका. टिपून ठेवा, शेवटी दोन-तीनच फळ्यावर घ्या. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं होतं की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. तीन सेकंद! आम्हा शिक्षकांना तेवढंही गप्प बसवत नाही. मनातल्या मनात आकडे मोजा, हवं तर टेबलाखाली बोटांवर मोजा, पण थांबा.