थुरियाने मदत मागितली तेव्हा

[दृश्य : नौदलाच्या विमानातून टिपलेली नौका]

भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानातून २३ सप्टेंबर २०१८ रोजी दिसलेली ही थुरिया ही शिडाची नौका. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरापासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, दक्षिण हिंदी महासागरात ती हेलकावे खात आहे. तिच्या दोन्ही डोलकाठ्या मोडल्या आहेत आणि त्यांचे अवशेष दोरांसकट कडेला लोंबकळत आहेत. तिच्यावर एकटेच असलेले भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी आत बिछान्यावर आहेत आणि त्यांना उठता येत नाही.

[दृश्य : दिवाडी बेट, मांडवी नदी, नौकाबांधणीचा कारखाना]

ही नौका गोव्यात बांधली गेली. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा हा कारखाना आहे आणि नौदलाच्या म्हादेई व तारिणी या शिडाच्या नौकाही त्यांनीच बांधल्या. म्हादेईतून टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघून, वाटेत कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. थुरियाचा आराखडा मात्र मुद्दाम जुना निवडला होता. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत जगातली पहिली एकट्याची विनाथांबा प्रदक्षिणा ज्या सुहैली नौकेतून पूर्ण केली, ती मुंबईत सागवानात बांधलेली बत्तीस फुटी नौका होती आणि थुरिया तिचीच प्रतिकृती. एका माणसाला शीड उतरवता यावे, तुटलेला दोर बदलता यावा आणि सुकाणू बांधून चार घटका झोपता यावे, इतक्याच आकाराची ही नौका आहे. तिच्याकडे नीट पाहावे, कारण समुद्रावरचे स्वावलंबन किनाऱ्यावर, अशा कारखान्यांत, सुटण्याच्या कितीतरी महिने आधी घडत असते.

[दृश्य : सेक्स्टंट, कागदी नकाशा, सीलबंद पेटी]

टॉमी थुरियातून ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्याने विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत, उतरले होते, ती १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधून सुरू झाली. सुहैलीच्या काळात उपलब्ध होती तेवढीच साधने वापरायची, हा तिचा नियम होता. दिशा शोधायची ती सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून आणि कागदी नकाशावर रेघा ओढून. जीपीएस पेटीत सीलबंद आणि केवळ संकटात उघडण्यासाठी. मात्र याच आयोजकांनी प्रत्येक नौकेवर संकटसूचक यंत्र, उपग्रहावरून छोटे संदेश पाठवणारे उपकरण आणि जीवरक्षक तराफा सक्तीचा केला होता. वाट स्वतः शोधा, परंतु हाक मारण्याचे साधन जवळ ठेवा, ही त्यामागची समज आम्हाला अत्यंत मोलाची वाटते. मदत मागितली की दर्यावर्दीपणात उणे आले, असा समज शिडाच्या नौकांच्या जगात अजूनही आढळतो आणि तो जीवघेणा आहे.

[दृश्य : दक्षिण महासागरातल्या लाटा]

२१ सप्टेंबरच्या वादळात वारा ७० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने वाहत होता आणि लाटा चौदा मीटरपर्यंत उसळत होत्या. थुरिया पूर्ण उलटी होऊन पुन्हा सरळ झाली. टॉमी यांनी पाठवलेल्या संदेशाचा आशय एवढाच होता : नौका उलटली, डोलकाठी गेली, पाठीला गंभीर दुखापत, उठता येत नाही. पुढच्या संदेशात स्ट्रेचर लागण्याची शक्यता आणि आपण नौकेच्या आत सुरक्षित असल्याचे त्यांनी कळवले. नौका तरंगते आहे, माणूस शुद्धीवर आहे, परंतु स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, हे त्या मोजक्या शब्दांतून शोधपथकाला कळले आणि काय तयारी करून जायचे हेही ठरले.

त्याच वादळात आयर्लंडचे ग्रेगर मॅगकिन यांच्या नौकेचीही डोलकाठी मोडली. त्यांनी स्वतःसाठी मदत मागितली नाही. हातपाय शाबूत असल्याने मोडकी डोलकाठी कापून त्यांनी कामचलाऊ शीड उभारले आणि टॉमी यांच्या दिशेने कूच केले. दोन्ही नौकांची मोडतोड जवळजवळ सारखी होती, तरी दोघांचे निर्णय वेगळे होते आणि दोन्ही बरोबर होते. किती मोडले यापेक्षा उरलेले काम करायला माणूस उभा राहू शकतो का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

[दृश्य : बचाव समन्वय केंद्राचा नकाशा]

संकटसूचक यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश सोडते, उपग्रह तो टिपतात आणि यंत्राच्या नोंदणी क्रमांकावरून नौका ओळखली जाते. थुरियाचा शोध ऑस्ट्रेलियाच्या केंद्राकडे आला. त्या देशाचे बचावक्षेत्र पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या जवळपास एक दशांश आहे. एवढ्या पसाऱ्यात विमान काही तासांत पोहोचते, जहाजाला मात्र दिवस लागतात. म्हणून किनाऱ्यापासून जितके दूर, तितकी हाक लवकर मारणे भाग असते. त्यासाठी थेट 'मेडे' पुकारण्याचीही गरज नसते. जिवावर बेतले असेल तर मेडे. परिस्थिती बिघडते आहे, पण अजून हाताबाहेर गेलेली नाही, अशा वेळी 'पॅन-पॅन' आहे, आणि व्हीएचएफ रेडिओच्या सोळाव्या चॅनलवर तो संकोच न करता वापरावा. मदत मागणे म्हणजे नौका सोडणेही नव्हे. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळामुळे पंधरा स्पर्धकांचा मृत्यू झाला. तेव्हा सोडून दिलेल्या चोवीस नौकांपैकी एकोणीस नंतर तरंगत्या सापडल्या.

[दृश्य : ओसिरिस, ॲमस्टरडॅम बेट, आयएनएस सातपुडा]

२४ सप्टेंबरला ओसिरिस या फ्रेंच गस्ती नौकेने टॉमी यांना आणि त्यानंतर मॅगकिन यांनाही घेतले. थुरिया तिथेच सोडावी लागली. भारतीय नौदलाच्या आयएनएस सातपुडाने टॉमी यांना ॲमस्टरडॅम बेटावरून भारतात आणले आणि त्यांच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया झाली.

[दृश्य : २०२२ ची शर्यत]

चार वर्षांनी ते पुन्हा याच शर्यतीत उतरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची नौका दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस काही मिनिटांत बुडाली आणि ते तराफ्यावर आले. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी रात्रभर नौका हाकून त्यांना गाठले. टॉमी यांनीही आपली नौका त्या दिशेने वळवली होती. शोधासाठी कर्स्टन यांनी सीलबंद जीपीएस उघडला. आयोजकांनी त्याबद्दल त्यांना दंड केला नाही, उलट बचावात गेलेला वेळ त्यांच्या खात्यात परत जमा केला. ती शर्यत त्यांनी जिंकली आणि २९ एप्रिल २०२३ रोजी टॉमी दुसरे आले.