काठी आणि रिकामी खुर्ची

श्रोतेहो, नमस्कार. आपण मराठीत ज्याला यादवी म्हणतो, त्या शब्दामागची कथा आपल्याला ठाऊक आहेच. शापाला भ्यालेल्या यादवांनी मुसळाचा चुरा करून तो समुद्रात टाकला, संकट टळले असे मानले, आणि पुढे त्याच चुऱ्यातून किनाऱ्यावर उगवलेल्या गवताने ते एकमेकांवर तुटून पडले. अमेरिकेतील यादवीबद्दल नाशिककरांशी बोलताना मला लढायांचे वर्णन करायचे नाही. चुरा पाण्यात पडल्यापासून गवत उगवेपर्यंतच्या काळाबद्दल मी बोलणार आहे.

अमेरिकेचे मुसळ होते गुलामगिरी. १८६० च्या शिरगणतीत सुमारे ३ कोटी १४ लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ ४० लाख माणसे गुलाम होती, बहुतेक सगळी दक्षिणेकडील राज्यांत, आणि त्यांच्या श्रमांवर पिकणारा कापूस देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक होता. नवे प्रांत संघराज्यात येताना तेथे गुलामगिरी असावी की नसावी, हा वाद १८२० मध्ये तडजोडीने मिटवला गेला, १८५० मध्ये पुन्हा तडजोड झाली, आणि १८५४ च्या कायद्याने कॅन्सासचा निर्णय तेथे वसणाऱ्या लोकांवरच सोपवला. परिणामी दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊन तेथे वसायला गेले.

आता मी ज्या प्रसंगासाठी आज बोलायला बसलो आहे, तो सांगतो. मे १८५६ मध्ये उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्स राज्याचे सिनेटर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, चार्ल्स समनर यांनी कॅन्सासमधील अत्याचारांविरुद्ध दोन दिवस भाषण केले. त्यात त्यांनी दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर अँड्र्यू बटलर यांच्यावर अतिशय बोचरी व्यक्तिगत टीका केली. बटलर त्या वेळी सभागृहात नव्हते, आणि गैरहजर माणसाबद्दल असे बोलणे अयोग्यच होते, असे मला वाटते. बटलर यांचे नातलग प्रेस्टन ब्रुक्स हे प्रतिनिधीगृहाचे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे, सदस्य होते. द्वंद्व बरोबरीच्या माणसाशी करायचे असते आणि समनर त्या योग्यतेचे नाहीत, असे ठरवून त्यांनी काठी निवडली. २२ मे रोजी सिनेटचे कामकाज संपले होते आणि समनर आपल्या मेजाशी बसून लिहीत होते. सभागृहात एक स्त्री होती, ती निघून जाईपर्यंत ब्रुक्स थांबले. मग जवळ जाऊन त्यांनी सोन्याच्या मुठीच्या काठीने समनर यांच्या डोक्यावर प्रहार सुरू केले. मेज जमिनीला पक्के बसवलेले होते आणि समनर यांचे पाय त्याखाली अडकले होते. उठण्याच्या धडपडीत त्यांनी ते मेज जमिनीपासून उपटले, पण रक्ताने डोळे भरून ते कोसळले. काठी मोडली, तरी ब्रुक्स मारतच राहिले. सोडवायला धावलेल्यांना लॉरेन्स कीट नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने काठी उगारून अडवून धरले.

श्रोतेहो, पुढचा भाग नीट ऐकावा, कारण माझ्या मते गवत येथे उगवले. ब्रुक्स यांना प्रतिनिधीगृहातून काढून टाकण्यासाठी दोन-तृतीयांश मते हवी होती, ती मिळाली नाहीत. न्यायालयाने ३०० डॉलर दंड केला. त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला, तेव्हा मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून पाठवले, आणि दक्षिणेतील लोकांनी मोडलेल्या काठीच्या बदल्यात त्यांना नव्या काठ्या भेट दिल्या. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत त्याच घटनेच्या निषेधाच्या सभा भरल्या. मॅसॅच्युसेट्सने आजारी समनर यांची पुन्हा निवड केली, आणि सुमारे तीन वर्षे सिनेटमध्ये त्यांची खुर्ची बहुतेक काळ रिकामी राहिली. घटना एकच, एका अर्ध्या देशात ती पराक्रम ठरली आणि दुसऱ्या अर्ध्या देशात गुन्हा.

त्यानंतरचा क्रम बहुतेकांना माहीत असतो. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले. १८५९ मध्ये गुलामगिरीचे कट्टर विरोधक जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला आणि ते फासावर गेले. १८६० मध्ये लिंकन निवडून आले. आपल्याकडे शाळेत हा इतिहास लिंकनपासूनच सुरू होतो, आणि ही मोठीच उणीव आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. ज्या नाशकात १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह झाला, तेथील प्रत्येक शाळेत ती अर्पणपत्रिका वाचून दाखवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

१८५७ च्या जानेवारीत ब्रुक्स आजाराने वारले. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना सर्वांत आधी संघराज्यातून बाहेर पडले, आणि १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे त्याच राज्यात फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा सुटल्या. समनर तोपर्यंत आपल्या खुर्चीवर परतले होते. ज्यांनी काठी उगारून लोकांना अडवले होते, ते लॉरेन्स कीट दक्षिणेच्या सैन्यात कर्नल झाले आणि जून १८६४ मध्ये व्हर्जिनियात कोल्ड हार्बरच्या लढाईत मारले गेले.