पुतळा गेला, नमुना राहिला

(ठाण्यात शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकात आज नेपोलियनने उभारलेला स्तंभ दिसतो. त्याच्या आधी तिथे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा अश्वारूढ पुतळा होता, जवळजवळ सात मीटर उंच. शिल्पकार फ्रान्स्वा जिरार्दाँ. १६९९ मध्ये तो चौथऱ्यावर चढला आणि ऑगस्ट १७९२ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, खाली ओढला गेला.

पण त्याची मीटरभर उंचीची ब्राँझ रूपं वाचली. ती चौकात नव्हती, म्हणून वाचली. एक पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे, एक इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात.

या छोट्या ब्राँझचं छायाचित्र नीट पाहा. राजाचा पोशाख रोमन सम्राटाचा, डोक्यावर मात्र त्याच्याच काळातला भरघोस कुरळ्या केसांचा टोप. आणि रिकीब कुठे आहे? नाहीच. रोमन स्वाराला रिकीब नसे, म्हणून जिरार्दाँने ती दिली नाही. मग पाय लोंबते, निर्जीव दिसण्याचा धोका आला. त्याने काय केलं, ते मांडीपासून घोट्यापर्यंत बोट फिरवल्यासारखं बघत या. स्वार सावरलेला वाटतो तो इथेच. मला हा पुतळा आवडतो तो या पायांसाठी.

ओतकामाची माहिती आपल्याला भरपूर आहे. केलर या ओतारीने १६९२ साली घोडा आणि स्वार एकाच ओतीत उतरवले. बोफ्राँ या वास्तुकाराने १७४३ मध्ये त्यावर चित्रांसह पुस्तकच काढलं: लोखंडी सांगाडा, मेणाचा थर, रस सोडायच्या आणि हवा काढायच्या नळ्या, सगळं. तंत्र असं कागदावर टिकतं. वजन कुठे पडलंय, मान किती वळलीय, हे मात्र हाताने घडवलेल्या नमुन्यातच कळतं.

मूळ पुतळ्याचं एक पाऊलही उरलंय, सँडल घातलेलं. छोट्या ब्राँझमधल्या पावलाशी त्याचं माप ताडून बघा, म्हणजे चौथऱ्याखाली उभ्या माणसाला तो राजा केवढा वाटत असेल याचा अंदाज येईल. नुसत्या नमुन्यातून तो येत नाही.

आता आपल्याकडचं. कुठल्याही नगराच्या पुतळ्यासाठी आधी मातीचा नमुना होतो, कला संचालनालयाची मान्यता लागते, मग प्लास्टर, मग ओतकाम. पुतळ्याचं अनावरण झालं की नमुन्याकडे कोण बघतं? प्लास्टर जागा अडवतं, ओल धरतं, फुटतं. शिल्पकार सदाशिव साठ्यांचं काम डोंबिवलीच्या शिल्पालयात, म्हणजे त्यांच्या शिल्पांच्या संग्रहालयात, एकत्र पाहता येतं, हे आपल्या जिल्ह्याचं भाग्य आहे. किती शिल्पकारांच्या वाट्याला हे येतं? तेव्हा पुतळ्याच्या करारात एक कलम घालाच: मंजूर नमुन्याची छोटी ब्राँझ प्रत आणि सर्व मापं नगराच्या संग्रहालयात जमा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. तुमच्यातले काही उद्या असे करार करणार आहेत. हे कलम तुम्हीच मागा.