माणसं मोजणारा देश

(सांगलीतल्या एका व्यायामशाळेत दिलेलं व्याख्यान. बोलण्यातलं फारसं बदललेलं नाही.)

नमस्कार मंडळी. पोरांनो, पुढे या, मागे पंख्याच्या आवाजात काही ऐकू येणार नाही.

२०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात सिल्वर आणलं तेव्हा तुमच्यातले बरेच जण टीव्हीसमोर होते, कोपर दुखावलेलं आणि तरी पोरगं शेवटच्या लिफ्टला परत बारबेलसमोर उभं राहिलं, मला तर अजून ते आठवलं की पोटात कालवतं. त्याच स्पर्धेत, त्याच खेळात, ७६ किलोत एका मुलीने ब्राँझ घेतलं. मॅक्सिमिना उएपा. देश नाउरू. तिच्याबद्दल आपल्याकडे कोण बोललं? कोणीच नाही. म्हणून आज बोलायचंय.

नाउरू प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या जरासं खाली. अख्खा देश २१ चौरस किलोमीटर. लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव. किनाऱ्याने एक रस्ता बेटाला वळसा घालतो तो १९ किलोमीटरचा, सायकल मारत निघालात तर तास-दीड तासात निघाल्या ठिकाणी परत. झेंडा बघाल तर निळ्यावर आडवी पिवळी रेघ, ते विषुववृत्त, आणि रेघेच्या खाली बारा टोकांचा पांढरा तारा, तिथल्या बारा मूळ कुळांचा.

आता खेळावर येण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९२० ला तिथे इन्फ्लुएंझाची साथ आली आणि माणसं इतकी गेली की ही जमात उरणार की नाही अशी भीती पडली. तेव्हा असं मानलं गेलं की निदान पंधराशे नाउरूकर असले तरच वंश टिकेल. मग मोजत बसले, एकेक जन्म मोजत. २६ ऑक्टोबर १९३२ ला ते बाळ जन्माला आलं, पंधराशेवं. त्या दिवसाला अंगाम म्हणतात आणि आजही तो तिथला सण आहे. पण दहाच वर्षांत जपानी सैन्य आलं, बाराशे माणसं उचलून प्रशांत महासागरातल्याच दूरच्या ट्रुक बेटांवर मजुरीला नेली, आणि ३१ जानेवारी १९४६ ला परत आली ती ७३७. बाकीची तिथेच गेली. पुन्हा शून्यापासून नाही म्हणता येणार पण पुन्हा मोजणी सुरू, आणि १९४९ ला दुसरा अंगाम. पुढे १९६८ ला स्वातंत्र्य घेतलं तेही ३१ जानेवारीलाच, मुद्दाम, ती माणसं घरी आली त्या तारखेला.

हे ऐकल्यावर मला कोणी ‘लोकसंख्येमागे मेडलं किती’ असला तक्ता दाखवला की राग येतो. माणसामागे भागाकार करून गंमत म्हणून छापायची गोष्ट आहे का ही? तिथे एक माणूस म्हणजे काय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. बेटाच्या मधोमध फॉस्फेट होतं, खताला लागतं ते, परक्यांनी ते वर्षानुवर्षं खणून नेलं, स्वातंत्र्यानंतर खाण नाउरूकडे आली आणि सत्तरच्या दशकात हे लोक माणशी उत्पन्नात जगातल्या सगळ्यात श्रीमंतांत गणले जायचे, मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली होती त्यांनी. मग फॉस्फेट संपत आलं, गुंतवणुकी बुडाल्या, २००४ ला ती इमारतही विकली. मागे राहिलं काय तर बेटाचा मधला भाग खरवडलेला, नुसते प्रवाळाचे सुळके, ना शेती ना मैदान. माणसं बहुतेक किनाऱ्याच्या पट्ट्यात.

अशा ठिकाणी कोणता खेळ होईल? फुटबॉल आहे, ऑस्ट्रेलियन पद्धतीचा, त्याचं वेडही आहे. पण जगात नाव झालं ते वेटलिफ्टिंगने. तुम्हाला सांगायला नको, आपल्याला लागतं काय? एक शेड, एक लाकडी प्लॅटफॉर्म, एक बार, प्लेट्स, आणि चुकलं की तिथल्या तिथे सांगणारा कोच. अख्खी टीम जमवायला नको. आणि वजनी गट असल्यामुळे साठ किलोचा पोरगा साठ किलोच्याच पोराशी लढतो, मग त्याचा देश केवढाही असो.

तो कोच होता पॉल कॉफा, ऑस्ट्रेलियाचा. मार्कस स्टीफन नावाचा नाउरूचा मुलगा मेलबर्नला शाळेत होता, तो कॉफाच्या हाताखाली आला. १९९० ला ऑकलंडच्या कॉमनवेल्थमध्ये नाउरू पहिल्यांदा उतरलं, मार्कस तेव्हा वीस वर्षांचा. त्या काळी स्नॅच म्हणजे बार एका झटक्यात डोक्यावर, क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर मग डोक्यावर, आणि टोटल म्हणजे दोन्हींची बेरीज, अशी तीन वेगळी मेडलं असायची. साठ किलोच्या स्नॅचमध्ये त्याने गोल्ड मारलं आणि बाकी दोन्हीत सिल्वर. देशाची पहिलीच स्पर्धा आणि तिन्ही मेडलं एकाच गळ्यात!

पण दोन वर्षांनी बार्सिलोना ऑलिम्पिक आलं आणि नाउरू तेव्हा ऑलिम्पिक कमिटीचं सदस्यच नव्हतं. मग त्याने काय करावं, सामोआचं नागरिकत्व घेतलं आणि सामोआकडून उतरला. याचा मी खूप विचार केलाय. पाच-सात वर्षं घाम गाळायचा आणि छातीवर दुसऱ्या देशाचं नाव, का तर आपल्या देशाचा कागद पोचलेला नाही. तो कागद १९९४ ला झाला आणि १९९६ ला अटलांटात नाउरूची पहिली ऑलिम्पिक टीम गेली, तीन जण, तिघेही लिफ्टर, त्यात मार्कस. कॉमनवेल्थची एकूण सात गोल्ड त्याची, शिवाय १९९९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सिल्वर. २००७ मध्ये तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. लिफ्टर राष्ट्राध्यक्ष झाला बरं का पोरांनो.

तो एकटाच होता असं मात्र समजू नका. २००२ ला मँचेस्टरमध्ये रियाना सॉलोमनने गोल्ड मिळवलं, नाउरूच्या बाईचं पहिलं. २०१० ला दिल्लीत, आपल्या अंगणात, ७७ किलोत आपल्या सुधीर कुमारला ब्राँझ मिळालं ते आपण साजरं केलं, गोल्ड कोणाला मिळालं होतं? युकियो पीटर, नाउरू. त्याच दिल्लीत हेवीवेटमध्ये इटे डेटेनामोने सिल्वर घेतलं.

कॉफाने पुढे या सगळ्या बेटांच्या पोरांसाठी एक इन्स्टिट्यूट चालवली, आधी फिजीत, मग सामोआत, मग न्यू कॅलेडोनियात, म्हणजे वेगवेगळ्या देशांची मुलं एका छताखाली राहणार, एकत्र जेवणार, एकाच बारवर आळीपाळीने उचलणार आणि स्पर्धेच्या दिवशी आपापल्या झेंड्याखाली उभी राहणार. मला यातलं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर हे. आपल्या तालमीत वेगळं काय असतं, वेगवेगळ्या गावची पोरं एकाच मातीत.

कोणीतरी मघाशी विचारलं, ऑलिम्पिक मेडल आहे का त्यांचं? नाही, अजून एकही नाही. पॅरिसला २०२४ मध्ये तर अख्ख्या देशाचा एकच खेळाडू होता, विन्झर काकिओउएआ, तोही लिफ्टर नव्हता, शंभर मीटर धावणारा. आधीच्या टोकियोत दोन जण होते, एक लिफ्टर मुलगी आणि एक धावणारा.

चला, चहा आलाय. ५५ आणि ६१ किलोवाल्यांनी जाऊ नका, तुमची स्नॅच बघायचीय मला.