सहा पॉइंट आठ: साठीनंतरचा काठावरचा थायरॉईड

(सकाळची सोसायटी, गेटवर स्कूटर थांबते, पाठीला लॅबची बॅग)

सकाळचे सात पण वाजले नाहीयेत आणि लॅबचा मुलगा होम कलेक्शनला हजर. आजी-आजोबा दोघंही रात्रीपासून उपाशी, चहा मिळाला नाही म्हणून दोघंही जरा चिडलेले. ज्येष्ठ नागरिकांचं फुल बॉडी पॅकेज आहे, साठ-सत्तर तपासण्या एकदम, मुलाने ऑनलाईन बुक केलेलं आणि तो मुलगा बहुतेक वेळा दुसऱ्या शहरात नाहीतर दुसऱ्या देशात. रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. त्यात बाकी सगळं ठीकठाक, एकच आकडा ठळक छापलेला, टीएसएच ६.८, आणि शेजारी वर जाणारा बाण.

मग फॅमिली ग्रुप जागा होतो. आईला थायरॉईड निघाला. तरीच ती हल्ली दमते. माझ्या सासूबाईंना पण आहे, सुरू करा गोळी, बारीकशी तर असते, काही होत नाही.

काही होत नाही, हे खरंय का? आणि त्याच्या आधीचा प्रश्न, त्या गोळीने आजींचं दमणं कमी होतं का? यातला दुसरा प्रश्न युरोपातल्या डॉक्टरांनी खरोखर तपासून बघितलाय, व्यवस्थित, शेकडो म्हाताऱ्या माणसांवर, आणि त्याचं उत्तर आपल्या फॅमिली ग्रुपपर्यंत काही पोचलेलं नाही.

(रिपोर्टचा क्लोजअप, दोन ओळी: टीएसएच आणि फ्री टी४)

आधी हा आकडा म्हणजे नक्की काय ते बघू. थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असलेली छोटी ग्रंथी. ती टी४ नावाचं हार्मोन बनवते, थोडं टी३ पण बनवते, आणि हृदयाचे ठोके, पोट साफ होणं, थंडी सोसणं, अंगातली तरतरी, या सगळ्याचा वेग त्यावर ठरतो. टीएसएच मात्र थायरॉईडमध्ये बनतच नाही, तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. बांधकामावरचा मुकादम असतो ना, काम कमी पडतंय असं वाटलं की आवाज चढवतो, तसं. टीएसएच म्हणजे त्याचा आवाज आणि टी४ म्हणजे प्रत्यक्ष झालेलं काम. आता आजींचा रिपोर्ट परत बघा, टीएसएच ६.८ पण फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी४, अगदी नॉर्मल. आवाज चढलाय, काम मात्र वेळेवर होतंय. याला डॉक्टर सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम म्हणतात आणि आपल्याला सांगताना सोपं करून बॉर्डरलाइन.

गंमत अशी की लॅबच्या कागदावर नॉर्मलची जी रेंज छापलेली असते, साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे, ती बहुतेक वेळा पंचवीस वर्षांच्या पोराला आणि ऐंशीच्या आजोबांना एकच असते. पण टीएसएच वयाप्रमाणे थोडा थोडा वर सरकतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे २००७ साली वयाप्रमाणे वेगळे करून बघितले, तेव्हा थायरॉईडचा काही आजार नसलेल्या ऐंशीच्या पुढच्या लोकांमध्ये वरची मर्यादा ७.४९ निघाली. म्हणजे आपल्याकडे ज्या आकड्यावर बाण छापला जातो तो त्या वयात कित्येकांचा नेहमीचा आकडा असू शकतो.

आणि नेदरलँड्समधल्या लायडन शहरातली गोष्ट तर अजून विचित्र. तिथे ८५ वर्षं पूर्ण केलेल्या ५९९ जणांवर काही वर्षं नुसतं लक्ष ठेवलं, निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. ज्यांचा टीएसएच जास्त ते आधी जातील असं वाटणं साहजिक होतं, प्रत्यक्षात ते थोडे जास्तच जगले. आता यावरून टीएसएच वाढला की आयुष्य वाढतं असा फॉरवर्ड कृपया बनवू नका, दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. पण त्या वयात वाढलेला टीएसएच दिसला की तो खाली आणलाच पाहिजे, हा विचार तिथे डळमळला एवढं नक्की.

अजून एक. हा आकडा स्थिर नसतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. मोठं आजारपण नुकतंच गेलं असेल तर काही आठवडे तो वर जाऊन बसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टच गंडू शकते. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या लोकांचा पाठपुरावा केला तेव्हा ज्यांचा टीएसएच ७ च्या खाली होता त्यातल्या ४६ टक्के लोकांचा दोन वर्षांत आपोआप नॉर्मल झाला. कुठलीही गोळी न घेता. आता विचार करा, यांना पहिल्या रिपोर्टवरच गोळी सुरू केली असती तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, गोळीने आला की नाही खाली!

(जुन्या न्यूकॅसलचं चित्र)

गोळीला नावं ठेवायला हा व्हिडिओ नाहीये, उलट ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी हे औषध म्हणजे चमत्कारच आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांच्याकडे ४६ वर्षांची एक बाई आली, चेहरा आणि हातपाय सुजलेले, त्वचा कोरडी ठक्क, बोलणं जड आणि हळू, थंडी सहन होत नाही. तिची थायरॉईड जवळजवळ बंद पडलेली. मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क काढला आणि तिला टोचला, आणि ती सुधारली, पुढे २८ वर्षं जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतून ते हार्मोन शुद्ध रूपात वेगळं केलं. आज सकाळी सकाळी आपल्या घरातून जी लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेतली जाते ना, ती या सगळ्यातून आली.

पण मरे यांच्या पेशंटचं काम ठप्प होतं आणि आजींचा टी४ नॉर्मल आहे. एकीला लागू पडलेलं दुसरीला लागू पडेलच असं कशावरून?

तर हेच तपासायला ट्रस्ट नावाची एक ट्रायल झाली, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डेव्हिड स्टॉट आणि त्यांचे सहकारी, ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड असे चार देश. ६५ च्या पुढचे ७३७ जण घेतले, सरासरी वय ७४, टीएसएच पुन्हा तपासूनही वाढलेलाच, फ्री टी४ नॉर्मल. अगदी आपल्या आजींसारखे. अर्ध्यांना खरी गोळी, बहुतेकांना ५० मायक्रोग्रॅमपासून, वजन फार कमी किंवा हृदयाचा आजार असेल तर २५ पासून. उरलेल्या अर्ध्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. कोणाला कुठली मिळतेय हे पेशंटला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. आणि मला यातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे, खऱ्या गोळीवाल्यांचा डोस टीएसएच बघून कमीजास्त करावा लागतो, मग त्यावरून कळेल ना कोण कुठल्या गटात आहे, म्हणून खोट्या गोळीवाल्यांचा डोस पण अधूनमधून उगाच बदलल्याचं नाटक केलं. एवढी काळजी.

एक वर्ष गेलं. गोळीवाल्यांचा टीएसएच ६.४ च्या आसपासवरून ३.६ वर आला, खोट्या गोळीवाल्यांचा ५.५ च्या जवळ राहिला. म्हणजे कागदावर गोळी जिंकली. आणि माणसाला काय वाटतं? ते मोजायला प्रश्नावली होती, शून्य ते शंभर गुण, थकवा किती, थायरॉईडची लक्षणं किती. लक्षणांचा आकडा दोन्ही गटांत जवळपास तिथेच, बदल ०.२ चा, तोही दोन्हीकडे सारखाच. थकव्याचा आकडा खोटी गोळी घेणाऱ्यांत ३.२ ने वाढला आणि खरी घेणाऱ्यांत ३.८ ने. माणसाला जाणवेल असा फरक मानायला ९ गुण लागतात, इथे एक गुणाचा पण नाही. २०१७ मध्ये हे सगळं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं.

यावर आक्षेप आले, यायलाच हवेत. एक म्हणजे, यातल्या बऱ्याच लोकांना सुरुवातीला फारशी लक्षणं नव्हतीच, मग गोळी कमी काय करणार? मग त्याच ट्रायलमधले ज्यांना त्रास जास्त होता तेवढेच वेगळे काढून पुन्हा बघितलं. तिथेही गोळीचा फायदा दिसला नाही. ही आणि आणखी एक ट्रायल मिळून ऐंशीच्या पुढच्या २५१ जणांचे आकडे २०१९ मध्ये वेगळे मांडले, तिथेही तेच. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि लक्षात ठेवा, टीएसएच १० च्या वर असलेले लोक या ट्रायलमध्ये फार थोडे होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल ही ट्रायल ठामपणे काही सांगू शकत नाही.

२०१९ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टर आणि पेशंट दोघंही असलेल्या एका गटाने स्पष्ट शिफारस केली, की सबक्लिनिकल असेल तर गोळी सुरू करू नका. अपवाद पण सांगितले, टीएसएच २० च्या वर, फार तीव्र लक्षणं, अगदी तरुण वय, आणि गरोदर राहू इच्छिणाऱ्या बायका. बरेच डॉक्टर १० च्या वर गेलं की गोळीचा विचार करतात, त्यावर अजून वाद आहे.

(केमिस्टचं दुकान, काउंटरवर गर्दी)

बरं, फायदा नाही पण तोटा तरी काय, रोज एक गोळी तर घ्यायची? तोटा तेव्हा होतो जेव्हा डोस जास्त होतो, आणि म्हातारपणी तो नकळत होतो, कारण वजन कमी झालेलं असतं, गोळी तीच चालू राहते, तपासणी वर्ष वर्ष होत नाही. टीएसएच पार खाली गेला की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, एट्रियल फिब्रिलेशन, ज्यातून पुढे पक्षाघाताची भीती असते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासात साठीच्या पुढच्या २००७ लोकांना दहा वर्षं बघितलं, १९९४ मध्ये ते छापून आलं, टीएसएच ०.१ किंवा त्याखाली असलेल्यांत हा त्रास तिपटीने जास्त होता. हाडंही ठिसूळ होतात. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की घरात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पण माझ्या मते खरा तोटा वेगळाच आहे. आजी दमत होत्या ना? रिपोर्टमध्ये बाण सापडला, गोळी सुरू झाली, आणि दमण्याचं कारण शोधणं तिथेच थांबलं. हिमोग्लोबिन किती आहे? बी१२ बघितलं का, कारण आपल्याकडे कित्येक घरांत आयुष्यभर शाकाहार आणि त्यात डायबेटीसची मेटफॉर्मिन बारा-पंधरा वर्षं चालू, ती बी१२ आणखी कमी करते. रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणून झोप होत नाही का? ब्लडप्रेशरच्या गोळीने ठोके फार मंद झालेत का? जिना चढताना दम लागतो तो हृदयाचा तर नाही? आणि मुलगा दूर गेल्यापासून आजी कोणाशी फारसं बोलत नाहीत, हे तर कुठल्याच पॅकेजमध्ये येत नाही.

आपल्याकडे हा आकडा थोडाथोडका नाही हेही सांगतो. मुंबई, गोवा धरून देशातल्या आठ शहरांत ५,३७६ मोठ्या माणसांची तपासणी झाली होती, २०१३ मध्ये निष्कर्ष आले, ८.०२ टक्के लोक या सबक्लिनिकल गटात सापडले. त्यात सगळ्या वयाचे आहेत. पण प्रत्येकाचं रक्त एकदाच तपासलेलं, हे विसरू नका.

मीठ बदलू का, कोबी-फ्लॉवर बंद करू का, हे प्रश्न हमखास येतात. मोठ्या वयात बहुतेकदा कारण असतं हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच हळूहळू ग्रंथीवर उलटते, जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेलं. तिथे आयोडीन वाढवून उपयोग नाही, अती झालं तर त्रासच. नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ चालू द्या, शिजवलेली कोबीची भाजी खुशाल खा.

तर ६.८ आला, पुढे काय? दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टीएसएच, बरोबर फ्री टी४, आणि टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटल्याची रक्तातली खूण, एकदा. ती पॉझिटिव्ह असेल तर ग्रंथी पुढे मंदावायची शक्यता जास्त, मग दर सहा महिने-वर्षाने लक्ष ठेवायचं. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडारॉन किंवा मनाच्या आजारासाठीचं लिथियम अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, त्यांनीही टीएसएच वाढतो. टी४ खरंच कमी निघाला तर विषय संपला, गोळी लागणार, आणि ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर, मग अर्धा-एक तास चहा नाही, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर.

आणि ज्यांना वर्षानुवर्षं गोळी चालू आहे त्यांनी हा व्हिडिओ बघून उद्या डबी कपाटात टाकून देऊ नका. जुने रिपोर्ट शोधा, गोळी सुरू करताना टीएसएच किती होता आणि टी४ किती होता, ते डॉक्टरांना दाखवा, त्यांना वाटलं तर ते डोस कमी करून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतील, कारण हे औषध शरीरातून जायला वेळ लागतो, निम्मं व्हायलाच आठवडा जातो. ज्यांची ग्रंथी ऑपरेशन करून काढलीय किंवा रेडिओॲक्टिव्ह आयोडीनने बंद केलीय, त्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांची गोळी रोज, न चुकता.